समुद्रात हद्दीची रेघ कशी आखायची: नाशिकच्या टेबलावरून

नाशिक शहरातून विसावा अक्षांश जातो. गोदाकाठापासून तो फार लांबही नाही. हीच रेघ नाकासमोर पश्चिमेला धरली, तर त्र्यंबक आणि जव्हार डाव्या हाताला ठेवत ती घाट उतरते आणि डहाणूच्या किंचित उत्तरेला समुद्राला टेकते. अंतर साधारण ११० किलोमीटर. "नाशिकला कुठला आलाय समुद्र?" असं कुणी हसून विचारलं की मी हा हिशोब ऐकवतो.

माझा धंदा नकाशे काढण्याचा. द्राक्षबागांचे प्लॉट, पाइपलाइनी, बांधावरून चाललेली भाऊबंदकी, हे रोजचं. त्यातच किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार संस्थेचं काम आलं, मग दुसऱ्या संस्थेचं, मग मत्स्यशास्त्राचे विद्यार्थी प्रोजेक्ट घेऊन यायला लागले. प्रश्न सगळ्यांचा एकच: या दोन मासेमारी क्षेत्रांच्या मधली रेघ नेमकी कुठे आणि कशी मारायची?

शेताच्या हद्दीला दगड असतो. तो कुणी रात्री सरकवला तरी निदान सरकवल्याची खूण राहते. पाण्यात दगड नाही, बांध नाही. तिथे हद्द म्हणजे एक लिहिलेलं वाक्य. त्या वाक्यावरून कधीही न भेटलेल्या दोघांनी, एकाने पालघरला आणि एकाने वेंगुर्ल्याला बसून रेघ काढली आणि दोन्ही रेघा एकावर एक बसल्या, तर हद्द जमली. नाही बसल्या, तर नकाशा कितीही रंगीत असो, भांडण पक्कं. खाली जे सांगतोय ते सगळं या एका कसोटीसाठी.

पेन्सिल उचलण्याआधी

रेघ कशासाठी हवी ते आधी एका ओळीत लिहून काढा. ट्रॉलरना उथळ पाण्याबाहेर ठेवायचंय? दोन गावांच्या डोल जाळ्यांच्या, म्हणजे एका जागी बांधून ठेवायच्या जाळ्यांच्या, जागा वेगळ्या करायच्यात? की मासळीच्या नोंदी कोणत्या क्षेत्राच्या खात्यात टाकायच्या ते ठरवायचंय? प्रत्येकाला लागणारी रेघ वेगळी. नोंदींसाठीची रेघ दोन-चारशे मीटर इकडेतिकडे झाली तर कुणाचं बिघडत नाही. दंड लावायची रेघ तशी चालत नाही.

मग ती रेघ कोणाच्या अखत्यारीत येते ते पाहा. आधाररेषेपासून (किनाऱ्यालगतची मोजणीची रेषा, तिच्याकडे पुढे येतो) १२ सागरी मैलांपर्यंतचा प्रादेशिक समुद्र, तिथली मासेमारी राज्याच्या हातात. त्यासाठी आपल्याकडे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ आहे आणि त्यात २०२१ साली मोठे बदल झाले. त्यापलीकडे २०० सागरी मैलांपर्यंतचं अनन्य आर्थिक क्षेत्र, ते केंद्राचं. तिथला मूळ कायदा १९७६ चा. संस्थेने काढलेली रेघ हा प्रस्ताव असतो. तिला बळ येतं ते सरकारी अधिसूचनेने. हे पहिल्याच बैठकीत सांगून टाकावं. नाहीतर लोक आपला नकाशा सातबारा असल्यासारखा खिशात घालून फिरतात.

आणि ज्यांच्यामध्ये रेघ पडणार त्या दोघांनाही ऐका. पालघरच्या समुद्रात कवींवरून डहाणू-सातपाटीकडचे आणि वसई-उत्तनकडचे मच्छीमार वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. कव म्हणजे डोल जाळं बांधण्यासाठी समुद्राच्या तळात खुंट ठोकून केलेली जागा. एकाचं म्हणणं, आमच्या गावासमोरचा समुद्र आमचा. दुसऱ्याचं म्हणणं, बापजाद्यांपासून आम्ही तिथे जाळं लावतोय. दोघांच्या म्हणण्यात 'समोर' आणि 'तिथे' हे शब्द आहेत, आणि सगळी गोम त्यातच आहे. 'समोर' म्हणजे कोणत्या दिशेला? त्याकडे पुढे येतोच.

किनारा म्हणजे नक्की कोणती रेघ?

गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर मी विद्यार्थ्यांना एकदा दिवाळीनंतर आणि एकदा मे महिन्यात घेऊन गेलो. काम एकच दिलं: पाण्याच्या कडेपासून ५०० मीटर आत रेघ काढा. दोन्ही वेळा पोरांनी मन लावून काम केलं आणि दोन्ही रेघा भलत्याच वेगळ्या आल्या. पाणी उतरलं होतं, कडाच सरकली होती. मे महिन्यात तर एका पोराने जिथे आधी होडी उभी केली होती तिथे मोटारसायकल लावली.

समुद्रात हेच दिवसातून दोनदा घडतं. म्हणून 'किनाऱ्यापासून इतके मैल' असं मोघम लिहायचं नाही. आंतरराष्ट्रीय समुद्र कायद्यात साधी आधाररेषा म्हणजे अधिकृत सागरी नकाशावर दाखवलेली ओहोटीची रेषा. किनारा फार वाकडातिकडा असेल, बेटांची झालर असेल, तिथे ठरावीक बिंदू जोडून सरळ आधाररेषा घेतात. भारताने २००९ साली आपल्या आधाररेषेच्या बिंदूंचे अक्षांश-रेखांश अधिसूचित केले. तेव्हा १२ सागरी मैल मोजायचे ते या रेषेपासून. जेट्टीच्या टोकापासून किंवा गूगलच्या फोटोतल्या वाळूपासून नाही.

नकाशा घ्यायचा तो डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा. फोटोकॉपीची फोटोकॉपी टाळा, कागद ताणला गेलेला असतो. नकाशाच्या कोपऱ्यात आवृत्ती आणि डेटम लिहिलेला असतो, तो आधी वहीत उतरवा. डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजताना पृथ्वीचा कोणता आकार धरलाय ते. जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट १८३० वर आहेत. एकाचे आकडे दुसऱ्यावर तसेच टाकले तर ते सेकंदांनी सरकतात, आणि अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जवळपास ३१ मीटर.

रेघेची जात ठरवा

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, आणि लोक नेमका इथेच सगळ्यात कमी देतात.

सगळ्यात सोपी रेघ अक्षांशाची किंवा रेखांशाची. तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याला, जीपीएसवर एकच आकडा पाहायचा असतो: आकडा वर गेला की उत्तरेचं क्षेत्र, खाली आला की दक्षिणेचं. उत्तर अटलांटिकमध्ये नोंदींसाठी वापरतात ते चौकोन असेच आहेत, अर्धा अंश अक्षांश आणि एक अंश रेखांश. आपला किनारा बराचसा उत्तर-दक्षिण असल्याने इथे अक्षांशाची रेघ चांगली लागू पडते. शक्य असेल तिथे मी हीच सुचवतो.

दुसरी जात, एका बिंदूपासून ठरावीक दिशेला निघणारी. अमेरिकेत न्यू इंग्लंड आणि मिड-अटलांटिक या दोन मत्स्यव्यवस्थापन परिषदांमधली हद्द अशीच आहे. तीन राज्यांच्या सीमा जिथे मिळतात त्या बिंदूपासून ती आग्नेयेकडे एका नेमक्या कोनात निघते आणि आर्थिक क्षेत्राच्या बाहेरच्या कडेला जाऊन थांबते. तो कोन त्यांनी सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लिहिलाय. आधी मला हा अतिरेक वाटला होता. मग हिशोब करून पाहिला: कोनात एका अंशाची चूक झाली तर १२ सागरी मैलांवर रेघ सुमारे ३९० मीटर सरकते आणि २०० सागरी मैलांवर साडेसहा किलोमीटरच्या आसपास. कोन लिहिताना तो खऱ्या उत्तरेपासून आहे की होकायंत्राच्या, हेही लिहा. आपल्याकडे या दोन उत्तरांत फरक किरकोळ असतो, पण वाद घालणाऱ्याला किरकोळही पुरतो.

तिसरी जात, ओळखीच्या खुणांवरून जाणारी. याचा नमुना पुन्हा अमेरिकेतच, मेक्सिकोचं आखात आणि दक्षिण अटलांटिक यांच्यामधली हद्द. ८३ अंश पश्चिम रेखांशावरून उत्तरेला चढायचं, २४ अंश ३५ मिनिटं उत्तर अक्षांशावर वळायचं, त्या अक्षांशावरून पूर्वेला मार्केसस बेटांपर्यंत यायचं, आणि तिथून फ्लोरिडा कीज बेटांमधून मुख्य भूमीपर्यंत. बेटांच्या मधलं अरुंद पाणी कुणाचं, हेही त्या वर्णनात स्पष्ट लिहून टाकलंय: ते आखाताचं. लिहिणाऱ्याने पुढचं भांडण आधीच ओळखलं होतं. आपल्याकडे खाडीच्या तोंडाशी रेघ काढताना हे वाक्य लागतंच. खाडीचं पाणी कोणत्या बाजूला मोजायचं?

चौथी जात 'गावासमोर'वाली, म्हणजे किनाऱ्याला काटकोनात. लोकांना हीच न्याय्य वाटते आणि घात हीच करते. काटकोन कोणत्या किनाऱ्याला काढायचा? झाईपासून तेरेखोलपर्यंत महाराष्ट्राच्या अख्ख्या किनाऱ्याचा कल धरला, तर तो उत्तर-दक्षिण रेषेपासून सुमारे १२ अंश तिरपा आहे. काटकोनातली रेघ मग पश्चिमेपेक्षा थोडी दक्षिणेला झुकते. नुसता डहाणू ते अर्नाळा एवढाच तुकडा धरला तर किनारा जवळपास सरळ उत्तर-दक्षिण, आणि रेघ जवळपास सरळ पश्चिमेला. दोन्ही 'काटकोन'च! पण १२ सागरी मैलांवर या दोन रेघांमध्ये साडेचार-पावणेपाच किलोमीटरचं अंतर पडतं आणि ४० सागरी मैलांवर सुमारे पंधरा किलोमीटरचं. डोलवाल्या होड्या तेवढ्या लांब जातात. म्हणजे किनाऱ्याचा तुकडा किती लांबीचा धरायचा हा निर्णय तांत्रिक दिसतो, पण खरं भांडण त्याच्याच पोटात आहे. तो सगळ्यांसमोर घ्या आणि इतिवृत्तात लिहा.

शिवाय किनारा आत वळलेला असेल तर काटकोनातल्या रेघा पुढे जाऊन एकमेकींना भिडतात आणि मधल्या गावाच्या वाट्याला फक्त एक त्रिकोण येतो. दोन्ही शेजाऱ्यांच्या किनाऱ्यांपासून समान अंतर राखत काढलेल्या रेघेचंही असंच होतं. १९६७ मध्ये जर्मनी हीच तक्रार घेऊन आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेली होती. एका बाजूला डेन्मार्क, दुसऱ्या बाजूला नेदरलँड्स, आणि आत वळलेल्या किनाऱ्यामुळे उत्तर समुद्रातला जर्मनीचा वाटा आखडलेला. समान अंतराची पद्धत जर्मनीवर बंधनकारक नाही, वाटणी न्याय्य तत्त्वांनी करा, असं न्यायालयाने १९६९ मध्ये सांगितलं. आपल्या गावांची वाटणी करताना अशा कोंडलेल्या गावाकडे मी सगळ्यात आधी बघतो.

वाव, मीटर आणि उधाण

खोलीवरून ठरवलेली हद्द आपल्याकडे जुनी आणि मच्छीमारांच्या तोंडात बसलेली: पाच वाव, दहा वाव. एक वाव म्हणजे सहा फूट, १.८३ मीटर. पाच वाव झाले ९.१४ मीटर, दहा वाव १८.२९. मोजमाप सोपं, पण खोली कोणत्या वेळची?

हे मला एका म्हाताऱ्या तांडेलाने शिकवलं. मी मोठ्या ऐटीत संगणकावर खोलीची रेघ दाखवत होतो. ते म्हणाले, "साहेब, ही रेघ उधाणाची की भांगाची?" उधाण म्हणजे अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी, भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान. मला उत्तर देता येईना. सागरी नकाशावरची खोली ओहोटीच्या नीचतम पातळीच्या आसपासची धरलेली असते. होडीवरचा फिश फाइंडर त्या क्षणाचं पाणी दाखवतो. उधाणाच्या भरतीला मुंबई-पालघरकडे पाणी चार मीटरहून वर चढतं. म्हणजे नकाशावर नऊ मीटर असलेल्या जागी यंत्र तेरा दाखवणार, आणि ट्रॉलरवाला प्रामाणिकपणे म्हणणार, मी सात वावात होतो. गस्तीवाला म्हणणार, तू पाचच्या आत होतास. दोघंही खरं बोलतायत.

म्हणून खोलीची रेघ हवीच असेल तर 'नकाशावरील खोली' असे शब्द घाला, नकाशाचा क्रमांक आणि आवृत्ती घाला, आणि त्या वाकड्या रेघेच्या जवळून जाणारे सरळ तुकडे पाडून त्यांच्या टोकांचे अक्षांश-रेखांश द्या. गाळ येतो, तळ बदलतो. आकडे दिले की रेघ जागेवर राहते.

आकड्यांतले खड्डे

आता माझी स्वतःची लाज. पहिल्याच कामात मला फोनवर एक बिंदू सांगितला गेला, 'एकोणीस तीस'. म्हणजे १९ अंश ३० मिनिटं. मी संगणकात टाकलं १९.३०. संगणकाने ते दशांश अंश समजून १९ अंश १८ मिनिटांवर ठिपका टाकला. फरक १२ मिनिटांचा, आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण एक सागरी मैल, १८५२ मीटर. म्हणजे माझा ठिपका बरोब्बर १२ सागरी मैल दक्षिणेला पडला. अख्ख्या प्रादेशिक समुद्राची रुंदी एका टिंबात गेली. नकाशा छापून झाला होता.

तेव्हापासून नियम केला: कोणताही बिंदू तीन प्रकारे लिहून घ्यायचा. अंश-मिनिटं-सेकंद, अंश आणि दशांश मिनिटं, आणि दशांश अंश. होडीवरच्या बऱ्याच जीपीएसवर मधला प्रकार असतो. ४२.५० मिनिटं आणि ४२ मिनिटं ५० सेकंद हे कानाला एकसारखे लागतात, पण त्यांच्यात २० सेकंदांचा, म्हणजे सहाशे मीटरचा फरक आहे.

रेखांशाची गोष्ट आणखी वेगळी. रेखांशाचं मिनिट म्हणजे सागरी मैल नव्हे. आपल्या विसाव्या अक्षांशावर ते भरतं १७४४ मीटर. समजा १९°४२′ या अक्षांशावर पश्चिमेला १२ सागरी मैल जायचंय. घाईत कुणी १२ मिनिटं वजा करतो. खरी वजाबाकी १२ मिनिटं ४३ सेकंदांची. घाई करणाऱ्याची रेघ सव्वा किलोमीटर आखूड पडते.

दोन बिंदू 'सरळ रेषेने' जोडले म्हणजे काय, हेही लिहावं लागतं. सागरी नकाशावर पट्टीने मारलेली सरळ रेघ आणि गोल पृथ्वीवरचं सगळ्यात जवळचं अंतर या दोन वेगळ्या रेघा. आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम १२ सागरी मैलांत त्यांच्यात तीन-चार मीटरचा फरक पडतो, तो सोडून द्या. २०० सागरी मैलांत मात्र मध्यावर जवळपास एक किलोमीटर पडतो. लांबच्या रेघेत म्हणून कोणती सरळ ते शब्दांत सांगा.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांसाठी एवढंच: अंशांतल्या थरावर थेट बफर, म्हणजे ठरावीक अंतराचा पट्टा, मारू नका. १२ लिहिलं की तो १२ अंशांचा फुगा काढतो, त्यात अर्धा अरबी समुद्र येतो आणि नाशिकही येतं. थर यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या पट्ट्यात बदलून काम करा. पण हा पट्टा पश्चिमेकडे ७२ अंश पूर्व रेखांशावर संपतो, आणि सातपाटीसमोर ती रेघ किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवरच आहे. त्यापलीकडे जायचं असेल तर गोलावरचं अंतर मोजणारं साधन वापरा.

वाक्य लिहिणं

आता लेखन. नमुन्यासाठी एक कल्पित हद्द घेतो:

'ही हद्द "क" या बिंदूपासून सुरू होते. "क" बिंदू: १९°४२′००″ उत्तर, ७२°४१′००″ पूर्व. तेथून ती १९°४२′००″ उत्तर या अक्षांशावरून पश्चिमेकडे, प्रादेशिक समुद्राच्या बाह्य सीमेला छेदेपर्यंत जाते. या रेषेच्या उत्तरेकडील क्षेत्र "अ", दक्षिणेकडील क्षेत्र "ब". रेषेवरील स्थान क्षेत्र "अ" मध्ये धरावे. सर्व अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस ८४ डेटमवर आहेत.'

शेवट 'सीमेला छेदेपर्यंत' असा ठेवलाय ते मुद्दाम. टोकाचा आकडाच दिला आणि तो बाह्य सीमेच्या शंभर मीटर अलीकडे राहिला, तर तेवढी फट कुणाचीच राहत नाही. सुरुवातही तशीच: 'क' बिंदू पाण्यात पडत असेल तर तिथून भरतीच्या रेषेपर्यंत रेघ कशी जाते ते एका वाक्यात जोडा. आणि रेषेवरची होडी कुणाची, हे लिहायला विसरू नका. लोक हसतात या वाक्याला. नाखवे हसत नाहीत.

आणखी एक वाक्य हवं: हद्द होडीला लागू की जाळ्याला? जीपीएसचा अँटेना केबिनवर असतो आणि ट्रॉलचं जाळं मागे काहीशे मीटर ओढलं जात असतं. होडी रेघेबाहेर आणि जाळं आत, असं सहज होतं.

टेबलावरून उठा

वर्णन तयार झालं की नकाशा लपवा. फक्त वाक्य दोन वेगळ्या माणसांना पाठवा आणि रेघ काढून मागवा. माझा एक भिडू इथे नाशिकच्या सिडकोत बसतो, दुसरा अलिबागला. दोघांच्या फायली एकावर एक टाकल्या की कुठला शब्द ढिला आहे ते लगेच कळतं. एकदा 'बेटाचं टोक' या शब्दावर दोघांमध्ये सातशे मीटर पडले: एकाने उत्तर टोक घेतलं, दुसऱ्याने दीपगृह.

नंतर होडीवर जा. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते आणि समुद्रही खवळलेला. ही फेरी हिवाळ्यात करावी. तांडेलाच्या जीपीएसमध्ये बिंदू त्यालाच भरायला सांगा, आपण हात लावू नये. तो कुठे अडखळतो ते बघा. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राकडून येणाऱ्या मासळीच्या सूचनेत उतरणी-केंद्रापासून दिशा, अंतर आणि खोली दिलेली असते. त्या भाषेची त्याला सवय आहे. म्हणून रेघेवरचे दोन-तीन बिंदू तसेही लिहून द्या: अमुक बंदरापासून इतके मैल, या दिशेला. किनाऱ्यावरची खूणही जोडून द्या, डहाणूकडे असाल तर महालक्ष्मीचा सुळका अमुक दीपगृहाच्या रेषेत आला की समजायचं. ही खूण कायदेशीर नाही, तसं कागदावर स्पष्ट लिहा. पण यंत्र बंद पडलेल्या रात्री तीच कामाला येते.

परत आल्यावर फाइलवर नकाशाचा क्रमांक, आवृत्ती, डेटम, तारीख, आणि कोण कोण बैठकीला होतं ते लिहा. जुनी आवृत्ती फाडू नका, तिच्यावर 'रद्द' असा शिक्का मारून ठेवा. १९.३० वाला माझा तो छापील नकाशा अजून टेबलाच्या काचेखाली आहे. नवा विद्यार्थी आला की त्याला मी आधी त्यातली चूक शोधायला लावतो.